गबाळेपणाची ऐट

कपड्यांकडे फार लक्ष देणारा माणूस मनाने थोडा उथळच असणार, असं मी पन्नाशीपर्यंत धरून चाललो होतो. कोणी विचारलं असतं तर कबूल केलं नसतं. पण कडक इस्त्री आणि पट्ट्याला जुळणारे बूट घालून कोणी स्टाफरूममध्ये आला की मनातल्या मनात मी त्याचे दोन गुण कापायचो. मास्तरकी अंगात मुरली की असं होतं.

या मताचं मूळ घरात होतं. दिवाळीला वडील एकाच ताग्यातून कापड फाडून आणायचे आणि त्यात आम्हा तिन्ही भावांचे शर्ट बसवले जायचे. टेलरला सूचना एकच, ‘वाढत्या अंगाचे शिवा.’ खांद्याची शिवण दंडावर यायची, बाही कोपराखाली. शर्ट अंगाला येईस्तोवर विटलेला असायचा, आणि मी धाकटा असल्याने थोरल्यांचे विटलेलेही माझ्याकडेच यायचे. पुढे अंग वाढायचं थांबलं, पगार सुरू झाला, तरी दुकानात गेलो की मी एक माप मोठंच उचलायचो. घरात त्याला साधी राहणी म्हणत, आणि तिच्यापुढे उच्च विचारसरणी आपोआप जोडलेली असे. पुरावा म्हणून गांधीजींचा पंचा होताच. वास्तविक सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईत त्यांनी आखूड धोतर स्वीकारलं, त्याआधी आपण काय नेसावं यावर त्यांनी जितका विचार केला तितका फार कमी माणसांनी केला असेल. मी आदर्श त्यांचा सांगत होतो आणि विचार शून्य करत होतो.

मत हललं ते विभागातल्या एका तरुण सहकाऱ्यामुळे. मुलगा वस्तीतून शिकून वर आलेला. एप्रिलच्या उन्हातही फुल बाह्या, कफाची बटणं लावलेली. एकदा मी चेष्टेत म्हणालो, “अरे, रोज काय मुलाखतीला आल्यासारखा येतोस?” तो हसला. म्हणाला, “सर, तुम्ही चुरगळलेला शर्ट घालून आलात तर लोक म्हणतात, सर किती साधे. मी तसाच आलो तर काय म्हणतील, ते तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. मीच म्हणालो असतो.

मग महाडचं आठवलं. वर्गात मी चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवत आलोय, मनुस्मृतिदहन शिकवत आलोय. पण हे दहन झालं त्याच डिसेंबर १९२७च्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळं भाषण केलं आणि लुगडं कसं नेसावं, कोणते दागिने टाकून द्यावेत हे सांगितलं, त्यावरून मी दरवेळी भरभर पुढे जायचो. लुगडं गुडघ्याच्या जवळपास नेसायचं, अंगावर जाड कथला-चांदीचे दागिने घालायचे, ही जात दुरून ओळखू यावी अशी खूण होती. घोट्यापर्यंत लुगडं नेसा म्हणजे ती खूण पुसा. अनेकजणींनी तिथल्या तिथे नेसणं बदललं. स्वतः बाबासाहेबांचा सूट तर प्रत्येक पुतळ्यावर आहे. तो मी रोज जाता-येता पाहतो, आणि तरी कपडा ही बिनमहत्त्वाची गोष्ट आहे असं म्हणत होतो. ज्याच्या कपड्यावरून त्याची पायरी कधी कोणी ठरवली नाही, त्यालाच असं म्हणायला परवडतं. माझ्या गबाळेपणातही ऐट होती, आणि तिचे पैसे मी कधी मोजले नव्हते.

एवढं पटलं म्हणून काही लगेच नीट कपडे घालता येत नाहीत. मला काय शोभतं याचा मला पत्ताच नव्हता. दुकानात जाऊन पाहिलं. ४० घेतला तर पोटावर ताणायचा, ४२ घेतला तर खांदे ओघळायचे. आपल्याकडच्या रेडिमेड मापांचा पाया बराचसा ब्रिटिश-अमेरिकी तक्त्यांचा. भारतीय अंगांचा स्वतंत्र तक्ता हवा म्हणून ‘निफ्ट’ या फॅशन-शिक्षण संस्थेने अलीकडे कुठे हजारो लोकांची स्कॅनरने मापं घ्यायचा प्रकल्प हाती घेतला. तोवर माझं पोट वाट बघणार नव्हतं. मी टेलरकडे गेलो.

मास्टरांनी माझा जुना शर्ट दोन बोटांत धरून विचारलं, “हा कोणाचा?” मग शिकवणी सुरू झाली. खांद्याचं हाड संपतं तिथे शिवण संपली पाहिजे, बाकी सगळं नंतर. मुंढा मोठा ठेवला की हात मोकळा राहतो असा माझा समज. तर मुंढा खोल असला की हात वर करताच अख्खा शर्ट वर ओढला जातो, आणि मुंढा काखेजवळ घेतला की फक्त बाही हलते. फळ्यावर लिहिताना माझा शर्ट पँटीतून बाहेर का यायचा, हे कोडं असं सुटलं. मान आखूड, म्हणून उंच कॉलर नको. चौकडा नको, “पोटावर रेषा वाकड्या होतात सर, लोक मोजत बसतात.” कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात टाका, आटायचं ते आधीच आटू दे.

कापडाचं मी स्वतः वाचलं. सुती धागा हवेतून आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या टेरीकॉटच्या ज्या शर्टांना मी इस्त्री लागत नाही म्हणून साधे समजत होतो, त्यांत मी वर्षानुवर्षं उकडून निघत होतो.

आता माझ्याकडे हातमागाच्या सुती कापडाचे मोजके शर्ट आहेत. गडद निळा, बाटलीहिरवा, वीटकरी. छोटी कॉलर, फुल बाही, वर्गात शिरताना दोन घड्या. ‘सावळ्यांनी फिकं घालावं’ हा आईचा नियम मोडला; फिक्या रंगात मी आजारी दिसायचो. बायको म्हणाली, “तुला खांदे आहेत हे लग्नानंतर पहिल्यांदाच कळतंय.” एक तोटाही झालाय. दुकानांच्या काचांत मी स्वतःला बघत चालतो, आणि गबाळा माणूस दिसला की त्याच्या खांद्याची शिवण कुठे आलीय याकडे नजर जाते. पूर्वी एका टोकाचे गुण कापायचो, आता दुसऱ्या टोकाचे कापावेसे वाटतात. सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “सर, तुम्ही पेपर तपासणं सोडा.”

बूट मात्र मी घेणार नाही. तो रोज सांगतो, या शर्टांवर चप्पल शोभत नाही. नसेल शोभत.