सड्यावरचं डबकं

संपादकांनी बेडकांवर लेख मागितला, आणि मला पावसाळ्यात पाहिलेला एक व्हिडिओ आठवला. जुलैत पावसानं दडी मारली तेव्हा कोकणातल्या एका गावच्या मुलांनी सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, आटत्या डबक्यांतले बेडूकमासे बादल्यांत भरून तळ्यात नेऊन सोडले होते. खूप कौतुक झालं. मला ते अजून सलतं आहे.

मुलांची माया खरी. पण त्या तळ्यात गप्पी मासे होते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी कोवळे बेडूकमासेही खातात. सड्यावरच्या पाण्यात मासे टिकत नाहीत, म्हणूनच तिथली अंडी वाचतात. शिवाय बादलीतल्या पाण्याबरोबर बेडकांना रोगी करणारी कायट्रिड बुरशीही इकडून तिकडे जाऊ शकते, आणि ती सह्याद्रीतल्या बेडकांवर सापडलेली आहे.

पाणी आटलं की बेडूकमासा हतबल होतो, हा समज मी वर्षानुवर्षं खोडत आलो आहे. 1912 मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञानं बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा ते वेळेआधीच बेडूक होऊ लागले. पुढं उलगडलं ते असं: पाणी कमी होऊ लागलं की अनेक जातींच्या बेडूकमाशांत कॉर्टिकोस्टेरोन हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि थायरॉइड संप्रेरकाला जोर येतो, नेमकं सांगायचं तर टी-4 पासून जास्त प्रभावी टी-3 बनण्याचा वेग वाढतो. कल्ले जातात, शेपूट शरीरातच जिरते, शेवाळ पचवणारं लांबलचक आतडं आखूड होतं. या घाईची किंमत असते, बेडूक अंगानं लहान निघतो. दडी फारच लांबली तर घाईही पुरत नाही. तडफडणाऱ्या पिल्लांसमोर उभं राहून ‘हात लावू नका’ म्हणणं मलाही जड जातं.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं 103 वं सूक्त बेडकांचं आहे. पाऊस लांबला की आपल्याकडे धोंडी निघते, तिच्यात कुठं कुठं बेडूक मुसळाला बांधतात. आसामात बेडकांचं लग्न लावतात. डरांव करणाऱ्या बेडकाकडे आपण पाऊस मागत आलो. मुक्या बेडूकमाशाला पावसाचं पाणी काही आठवडे साठून हवं असतं, त्याची दखल मात्र कुणी घेत नाही.

असंच साठलेलं पाणी लागणारी आंबोली टोड ही जात विज्ञानाला 2009 मध्ये कळली. ती आंबोली परिसरातच आढळते आणि सड्यांवरच्या उथळ पाण्यात अंडी घालते. सातबाऱ्यावर अशा कातळाची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ अशी असते, त्यामुळे तिथं चिरेखाण काढताना कुणाचा हात अडत नाही. उन्हाळ्यात पाहणीला गेलेल्या माणसाला तिथं तापलेला दगडच दिसणार. परवानगी देण्याआधीची पाहणी जुलैत व्हावी, आणि ज्या कातळावर बेडूकमासे सापडतील तिथं खाणीला परवानगी मिळू नये. बादल्या उचलणाऱ्या त्या मुलांनी ग्रामसभेत हीच मागणी लावून धरावी.