सुटण्यासाठी बसवलेला पेच

मराठीतला 'पेच' हा शब्द फारसीतून आला असून पीळ किंवा वळण हा त्याचा मूळ अर्थ आहे. मांजाला मांजा भिडला की पतंगांचा पेच लागतो, कुस्तीत डावाच्या जोडीला पेच येतो, अडचणीत सापडलेला माणूस पेचात पडतो आणि ज्या लोखंडी दांडीवर मळसूत्री आटे पाडलेले असतात तिलाही पेचच म्हणतात. या चारही ठिकाणी ओढाताण केली की गुंता अधिक आवळतो आणि वळण ओळखले की तो सुटतो. ट्रकच्या डिझेल पंपावर काम करणाऱ्या मिस्त्रीला ही गोष्ट शब्दकोशातून समजत नाही, ती त्याच्या हातांना समजते आणि पुरती समजायला बहुधा त्याचे सारे उमेदीचे आयुष्य लागते.

हे काम इतके नाजूक का, हे इंधनाचा मार्ग पाहिल्यावर लक्षात येते. टाकीतले डिझेल फीड पंप, म्हणजे इंधन पुढे ढकलणारा छोटा पंप, ओढून घेतो. फिल्टरमधून गाळून ते मुख्य पंपात जाते आणि तिथून जाड भिंतीच्या बारीक नळ्यांवाटे प्रत्येक सिलिंडरच्या नोझलपर्यंत पोहोचते. जुन्या इंजिनांत हे नोझल साधारण २०० बारला, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशे पटीला, उघडून डिझेलचा फवारा मारते. बॉश कंपनीने अशा ओळीतल्या पंपांचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन १९२७ मध्ये सुरू केले, आणि भारतात १९५१ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीच्या आद्याक्षरांवरून 'मायको पंप' हे नाव गॅरेजांमध्ये कायमचे रुळले. या पंपाच्या पोटात प्रत्येक सिलिंडरसाठी एक एलिमेंट असते, म्हणजे नळीत वरखाली होणारा दट्ट्या, आणि दट्ट्या व नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते. माणसाचा केसही जिथे शिरू शकत नाही तिथे लोखंडाचा एक बारीक कण गेला तरी एलिमेंटवर ओरखडा उमटतो, आणि म्हणून या पंपावरचा जाम झालेला पेच सोडवणे हे ट्रकच्या फाळक्यावरचा गंजका बोल्ट तोडण्यापेक्षा मुळातच वेगळे काम ठरते.

गॅरेजमध्ये शिकायला आलेल्या मुलाची सुरुवात पेचापासून होत नाही, ती धुण्यापुसण्यापासून होते. ट्रेमध्ये डिझेल घेऊन ब्रशने भाग धुणे, सुटलेले नट-बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडणे आणि उस्तादाने 'बारा-तेरा' म्हणताच त्या आकड्यांचा पाना हातात देणे, इतकेच त्याच्याकडे असते. काही महिन्यांत आकडा न वाचता बोल्टच्या डोक्याकडे पाहूनच त्याला माप कळू लागते. हे माप ओळखणे क्षुल्लक नाही. इंची मापाचा नऊ सोळांशाचा पाना १४ मिलिमीटरच्या डोक्यावर सहज बसतो, कारण त्याचे माप १४.२९ मिलिमीटर भरते. पण तेवढ्या फटीमुळे पान्याची पकड सपाट बाजूंवरून सरकून कोपऱ्यांवर येते आणि जोर लावताच डोके गोल होते.

मापांच्या या शिस्तीलाही गुरुशिष्यांचा इतिहास आहे. लंडनच्या हेन्री मॉडस्ली यांनी १८०० च्या सुमारास आटे अचूक पाडणारा लेथ प्रत्यक्ष कामात आणला, आणि त्यांच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचा कोन ५५ अंश ठरवून मापांची पहिली सर्वमान्य पद्धत मांडली. तोपर्यंत एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेलच याची खात्री नसे. भारतात इंची मापांची ब्रिटिश वाहने होतीच. त्यांच्या शेजारी १९५४ पासून टाटा-मर्सिडीज ट्रक मेट्रिक मापे घेऊन उभे राहिले आणि मिस्त्रीच्या पेटीत दोन्ही पद्धतींचे पाने एकत्र नांदू लागले. चुकीच्या पान्याने गोल झालेली कित्येक डोकी या सहवासातून आली आहेत.

शिकणाऱ्या मुलाच्या हाती दिला जाणारा पहिला पेच बहुधा एअर काढण्याचा असतो. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की नळ्यांत हवा शिरते, आणि हवा दाबली जात असल्यामुळे डिझेलवर दाब चढत नाही व इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी फिल्टरच्या माथ्यावरचा छोटा पेच सैल करून फीड पंपाची हातमूठ वरखाली करायची असते. पेचाच्या कडेने आधी नुसता फेस येतो, मग बुडबुडे विरळ होत जातात आणि अखेर डिझेलची अखंड, स्वच्छ धार लागते. ती धार दिसताच, मूठ दाबलेली असतानाच, पेच आवळायचा असतो. पेच पूर्ण काढायचा नसतो, थोडा सैल करून वाट पाहायची असते, ही शिकवण मुलाला इथे मिळते; पुढे तरुणपणी मात्र तो ती काही काळ विसरतो.

मनगटात बळ आलेला तरुण मिस्त्री जाम पेचाकडे आव्हान म्हणून पाहतो आणि पान्यावर लांब नळी चढवून जोर लावतो. पेच का अडला आहे हे मात्र त्याच्या बळाला कळत नाही. पोलादाचा पेच ॲल्युमिनियमच्या पंपात बसलेला असतो आणि दोन धातूंच्या मध्ये पावसाळी ओल, कोकणपट्टीत तर खारट हवा, शिरली की ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी आट्यांत गच्च भरते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने तो पाचरीसारखा काम करतो, आणि वर डिझेल व धूळ वाळून चिकट थर बसतो. पेच आवळताना लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच त्याला ताणून ठेवण्यात खर्ची पडतो. जवळपास निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात जातो. म्हणजे अडलेल्या पेचाशी झगडणे हे मुख्यतः घर्षणाशी झगडणे आहे, आणि घर्षण जोराने कमी होत नाही. घाटाघाटांत रंगवलेली 'अति घाई, संकटात नेई' ही पाटी ट्रकचालकांसाठी असली, तरी तिचा अर्थ पान्यावर नळी चढवणाऱ्या हाताला अधिक लवकर पटतो, कारण पेचाचे डोके तुटून हातात येते आणि दांडा आत राहतो.

ते तुटलेले डोके हातात घेतल्यानंतर शिक्षणाचा दुसरा टप्पा सुरू होतो. गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या, कवचावरचा खाचेचा एखादा पेच अनुभवी मिस्त्री कसा काढतो हे जवळून पाहण्यासारखे असते. आधी तो साऱ्या पंपाभोवतीची धूळ ब्रशने आणि डिझेलने धुतो, कारण पेच निघताच ती धूळ आत उतरणार असते. मग दाभणाने खाचेतला वाळलेला रंग आणि मळ टोकरून काढतो, रॉकेल व पातळ ऑइलचे थेंब डोक्याच्या कडेने सोडतो आणि दुसऱ्या कामाला लागतो; थेंब आट्यांच्या सूक्ष्म फटींत आपोआप ओढले जातात, पण त्याला वेळ लागतो. परत आल्यावर पितळी दांडी डोक्यावर सरळ टेकवून तो हातोडीचे दोन-तीन बेताचे ठोके देतो, कारण त्या हादऱ्याने डोक्याखालची घट्ट बसलेली पकड मोडते. खाच पूर्ण भरेल इतक्या रुंद पात्याचा पेचकस तो निवडतो, शरीराचा भार पात्यावर टाकतो आणि पेच आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवतो. नवख्याला हे उलटे वाटते. पण केसभर आवळल्याने गंजाचा थर तडकतो आणि 'कट्' असा बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकल्यावरच हात उलट फिरतो, पाव फेरा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल, आणि दर वेळी आट्यांतला चुरा थोडा बाहेर येतो.

एवढ्यानेही पेच हलला नाही तर उपाय चढत्या क्रमाने येतात. ठोक्याबरोबर फिरणारा इम्पॅक्ट पेचकस वापरता येतो. घासून गेलेल्या डोक्यावर करवतीच्या पात्याने नवी खाच पाडता येते. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने नेमक्या जागी उष्णताही देता येते, कारण तापून निवताना पोलाद आणि ॲल्युमिनियम कमीजास्त हलतात आणि आट्यांतली पकड सैल होते. डिझेलने भिजलेल्या पंपाजवळ उघडी ज्योत मात्र चालत नाही. डोके तुटलेच तर मधोमध टोचा मारून उलट्या फिरकीच्या ड्रिलने छिद्र पाडावे लागते, आणि पुष्कळदा त्या उलट फिरण्यातच दांडा सैल होऊन बाहेर येतो. या सगळ्या काळात पंपाची सगळी तोंडे बंद केलेली असावी लागतात, कारण ड्रिलचा एक कीस आत गेला तर वाचवलेल्या पेचापेक्षा गमावलेले एलिमेंट महाग पडते.

यंत्रे बदलली तरी हे शहाणपण शिळे झाले नाही, उलट त्याची किंमत वाढली. कॉमन रेल पद्धतीत, जिथे सर्व नोझलांसाठी डिझेल एकाच सामाईक नळीत दाबून ठेवले जाते, दाब १,६०० बार आणि त्याच्याही पुढे जातो. चालू इंजिनात अशी नळी सैल केली तर सुटणारी बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते. खाचेच्या पेचांच्या जागी षट्कोनी खळग्याचे आणि १९६७ मध्ये निघालेले टॉर्क्स नावाचे सहा पाकळ्यांचे पेच आले. पेचकसाचे टोक बदलले; मळ काढणे, थांबणे, ऐकणे हा क्रम तसाच राहिला.

वय झालेल्या मिस्त्रीचे मनगट थकते, पण बोटांना आट्यांची अडखळ आधीपेक्षा लवकर कळते. त्याने आयुष्यभर जे जाम पेच सोडवले त्यांतला जवळपास प्रत्येक पेच कोणीतरी कधीतरी आवळलेला होता. कोणी मापाबाहेर जोर लावला होता, कोणी मळक्या आट्यांतच पेच फिरवला होता, कोणी तिरपा लागलेला पेच तसाच रेटला होता. हे उमगल्यावर त्याचे लक्ष काढण्याच्या कसबावरून बसवण्याच्या कसबाकडे वळते. तो छिद्रातले आटे टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, फिरवून साफ करतो, पेचाला ग्रीसचे बोट लावतो आणि पहिले दोन-तीन फेरे पेचकस न घेता नुसत्या बोटांनी देतो, म्हणजे आटे सरळ लागले की नाही हे कळते. नळीच्या जोडाखालचा तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकतो, कारण पोलादाच्या उलट तांबे असे निवले की नरम पडते आणि थोड्या आवळण्याने डिझेल थोपवते. मग तो जेवढा हवा तेवढाच जोर लावून हात थांबवतो. हा पंप काही वर्षांनी कुठल्या गावात, कोणाच्या हातून उघडला जाईल हे त्याला ठाऊक नसते. शेजारी पाना धरून उभ्या असलेल्या मुलाचाही तो हात असू शकतो, आणि त्या हाताला पहिल्याच पाव फेऱ्यात हा पेच सैल झालेला जाणवेल.