एका गाडीचे पाठभेद

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाकडे जग दोन दृष्टींनी पाहते. काहींच्या लेखी तो शौकीन, म्हणजे पैसा उतू चाललेला. काहींच्या लेखी तो चिक्कू, म्हणजे नवी घेण्याची दानत नसलेला. मी ह्या दोहोंपैकी कोणीच नाही, हे पटवून देण्याचा उद्योग मी केव्हाच सोडून दिला आहे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागात, आम्हां नागपूरकरांच्या भाषेत तिथल्या मध्यप्रांतात, मी शिकवीत असताना २०११ साली एक पिवळी ट्रायम्फ स्पिटफायर विकत घेतली. गाडी १९७३ सालची. माझ्यापूर्वी तिला सहा धनी होऊन गेलेले. दोनच माणसांपुरती, उघड्या टपाची आणि इतकी बुटकी, की आत बसल्यावर दाराबाहेर हात सोडला तर बोटे जवळजवळ रस्त्याला टेकावीत. वेग हा ह्या लेखाचा विषय नव्हे. तो तिला बेताचाच आहे. आजची कोणतीही कुटुंबवत्सल मोटार तिला चढावर सहज मागे टाकते. मी लिहिणार आहे ते तिच्या दुरुस्तीविषयी.

स्पिटफायर १९६२ साली बाजारात आली आणि १९८० साली बंद झाली. नाव दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाचे, रेखाटन जोव्हान्नी मिकेलोत्ती ह्या इटालियन कलावंताचे, आणि हाडे मात्र उसनी: १९५९ सालच्या ट्रायम्फ हेरल्ड ह्या घरगुती मोटारीची. हेरल्डप्रमाणेच तिचे बॉनेट म्हणजे नुसते झाकण नव्हे. दिवे, मडगार्डे यांसकट गाडीचे सगळे पुढचे अंग एका झटक्यात पुढच्या बाजूला कलंडते आणि आतला संसार उघडा पडतो. मग पुढच्या चाकावर खुशाल बैठक मारावी आणि इंजिनाशी हितगुज करावे. हल्लीच्या मोटारींचे बॉनेट उघडले तर वर काळे प्लास्टिकचे दुसरे झाकण असते. मालकाने आत डोकावू नये, अशीच निर्मात्याची इच्छा दिसते.

हेरल्ड हे नाव वाचून साठीच्या पुढच्या वाचकांचे कान टवकारले असतील. १९६१ पासून तेव्हाच्या मद्रासला हीच गाडी स्टँडर्ड हेरल्ड ह्या नावाने तयार होत असे, आणि फियाट व ॲम्बॅसडर यांच्या त्या राज्यात ती तिसरी, काहीशी नाजूक समजली जाणारी गाडी होती. माझ्या वडिलांनी ती नागपुरात जुनी विकत घेतली आणि पुढे वीस वर्षे चालविली. मी स्पिटफायर घेतल्याचे त्यांना फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी किंमत विचारली नाही, रंग विचारला नाही. ते म्हणाले, "ट्रनियनला काय घालतेस?"

"ग्रीस घालतात ना, बाबा? तशी घुंडी बसवलेली आहे."

"घुंडी कोणीतरी मागाहून बसवली असेल. ग्रीस नको, अगं. गिअर ऑइल. नाहीतर एक दिवस चाक मांडी घालून बसेल."

ट्रनियन म्हणजे पुढच्या चाकाच्या तळाशी असलेला पितळी रंगाचा, मुठीएवढा ठोकळा. चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर तोललेले असते त्याच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात, आणि तो दांडा ह्या ठोकळ्यात बोल्टासारखा फिरतो. सुकाणू वळविले की आटे फिरतात, चाक वळते. घट्ट ग्रीस त्या आट्यांच्या खोलीपर्यंत पोचत नाही; तेथेच थिजते. पाणी मात्र बरोबर पोचते. पोलाद गंजत जाते आणि अखेर दांडा मोडतो. पातळसर गिअर ऑइल आट्याआट्यांतून झिरपते, म्हणून ते. उत्पादकाच्या पुस्तिकेत हे छापलेले होतेच. परंतु पुस्तिका पहिल्या मालकाजवळ राहते आणि गाडी सातव्याजवळ येते. मधल्या काळात ग्रीसची पिचकारी हाताशी असलेल्या कुणा सज्जनाने आपल्या समजुतीप्रमाणे पाठ सुधारून घेतला. कव्हेंट्रीपासून काही मैलांवर राहणाऱ्या मला मूळ पाठ कळला तो नागपुराहून, मद्रासमार्गे.

ह्या मद्रास-शाखेची आणखी एक हकीकत साहित्याच्या अभ्यासकांना रुचेल. हेरल्डची मागची चाके मधल्या पेटीपासून दोन स्वतंत्र आसांवर पंखांसारखी हलत, आणि वर एकच आडवी पाट्यांची कमान. रचना स्वस्त आणि सुटसुटीत. पण भर वळणावर चालकाने घाबरून पाय उचलला की बाहेरचे चाक पोटाखाली दुमडू पाही. हा दोष स्पिटफायरलाही वारशाने मिळाला. कव्हेंट्रीने १९७० सालच्या आवृत्तीत त्याच्यावर उपाय केला तो असा: कमानीचे एक पान तेवढे घट्ट आवळावयाचे आणि बाकीची मध्यभागी डोलू द्यावयाची. मूळ कल्पना तीच, अन्वय बदललेला. मद्रासने १९७२ साली हेरल्डची गॅझेल केली तेव्हा पंखच छाटून टाकले आणि सरळ एकसंध आस बसविला, कारण इथल्या मालकांना आणि मिस्त्र्यांना ती डोलणारी चाके पसंत नव्हती. एकाने टीका लिहिली, दुसऱ्याने रूपांतर केले. तौलनिक साहित्याच्या वर्गात प्रभाव आणि स्वीकार यांतील फरक सांगताना मी अनेकदा ह्या दोन आसांची आकृती फळ्यावर काढली आहे. विद्यार्थी आधी हसतात आणि मग वहीत उतरवून घेतात.

माझ्या गाडीवरून गेलेल्या सहा हातांची ओळख मला हळूहळू पटत गेली. त्या पिढीतील इंग्रजी गाड्यांच्या विजेच्या तारांना रंगांचे व्याकरण असे: तपकिरी तार थेट बॅटरीची, काळी जमिनीची, निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी बाजूच्या लहान दिव्यांची. कोणा एका धन्याजवळ तांबड्या तारेचे एकच भेंडोळे असावे. त्याने हॉर्नला तांबडी, पंख्याला तांबडी, वायपरलाही तांबडीच तार जोडली. एकच शाई असलेला लेखनिक! तो कोण होता ते मला माहीत नाही, पण त्याचे अक्षर मी कोठेही ओळखीन. दुसरा एक होता तो मात्र खरा कारागीर. मागच्या उजव्या चाकावरच्या कमानीला गंजाने पडलेले भोक त्याने पितळेचा डाक देऊन असे बुजविले होते, की रंग खरवडल्यावाचून सांधा दिसू नये. इतक्या वर्षांत त्या सांध्याला तडा गेलेला नाही.

येथे जुन्या गाड्यांच्या जगातील जुना वाद उपस्थित होतो. एक पंथ म्हणतो, गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच झाली पाहिजे. मागाहून आलेले सारे प्रक्षिप्त. त्याप्रमाणे तो पितळी डाकही क्षेपकच ठरतो. दुसरा पंथ म्हणतो, चालते ना, मग पुरे. मला दर वेळी ज्ञानेश्वरीची आठवण होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ती लोकांच्या वाचण्यासाठी, पारायणासाठी होती. त्या दुरुस्तीवाचून ग्रंथ आपल्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोचला असता कोण जाणे. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी एकनाथांच्याही मागे जाऊ पाहणारी प्रत छापली. दोघांचीही निष्ठा अस्सल. परंतु एकनाथांना ग्रंथ चालता हवा होता आणि राजवाड्यांना तो मुळाबरहुकूम हवा होता. ह्या दोन इच्छा एकाच वेळी पूर्ण होतातच असे नाही, हे मला संशोधनाच्या काळात बुद्धीने ठाऊक होते. मनगटाला ते कळले गाडीच्या उंबरठ्यापाशी.

उंबरठा म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ पेटी. हेरल्डच्या सांगाड्याला बाजूच्या पट्ट्या असल्याने तिच्या उंबरठ्यावर फारसा भार नसे. स्पिटफायरमध्ये त्या पट्ट्या काढून टाकल्या आणि ते काम उंबरठ्यांवर सोपविले. बाहेरचा, मधला, आतला असे तीन पत्रे. त्यांच्या पोटात पाणी साचते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. २०१७ च्या हिवाळ्यात माझ्या गाडीचे डावे दार लागेना. रंगाखाली पुटीन, पुटीनखाली काचतंतूंचे कापड आणि त्याखाली, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा, तांबूस भुगा निघाला.

तेव्हा माझ्या मदतीला होते एक निवृत्त कामगार. वय पंच्याहत्तरच्या घरात. तरुणपणी त्यांनी तिथल्याच एका कारखान्यात मोटारींना दारे बसविण्याचे काम केले होते. मूळ अवस्थेविषयीचा माझा भाविकपणा त्यांनी एका वाक्यात निकालात काढला. दार म्हणजे नग नव्हे, म्हणाले. प्रत्येक दार त्या त्या गाडीला समजावून बसवावे लागे, दोन गाड्यांच्या फटी कधी तंतोतंत सारख्या नसत. म्हणजे ज्या कारखानी संहितेकडे परतण्याचा आग्रह धरावयाचा, ती पहिल्या दिवसापासूनच हाताहातांत वेगळी होती. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे राबून, १२५९ हस्तलिखितांच्या आधारे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि नाकारलेले पाठ तळटीपांत जपून ठेवले. ते जपणे मला अलीकडे अधिक मोलाचे वाटू लागले आहे.

उंबरठे बदलताना गाडी चाकांवर उभी ठेवावी लागते, अंग सांगाड्याला आवळलेलेच ठेवावे लागते, आणि दाराच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या ठोकून मगच जुना पत्रा कापावा लागतो. घाईने कापला की अंग मधोमध खचते. मग नवा उंबरठा कितीही सुबक जोडा, दार जन्मात लागत नाही. आम्ही एक बाजू संपूर्ण झाल्यावाचून दुसरीला हात लावला नाही. सात शनिवार लागले. म्हाताऱ्यांचा हात तेव्हाच थोडा कापू लागला होता. वेल्डिंगची ज्योत पेटली की मात्र स्थिर होई. पितळी डाकाला त्यांनी हात लावू दिला नाही. "हे काम केलेला माणूस जिवंत असेल तर त्याला वाईट वाटेल," एवढेच म्हणाले. मी त्या जागेचे छायाचित्र काढून वहीत चिकटविले आणि खाली लिहिले: हे मूळचे नव्हे, पण काढू नये.

ती वही तेव्हापासून वाढत गेली. कोणती तार कोठे बदलली, कार्बोरेटरची जोडी रबरी नळी कानाला लावून कशी एका स्वरात आणावी, इंग्लंडात २०२१ च्या सप्टेंबरात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास आले तेव्हा कोणत्या नळ्या बदलल्या, हे सारे तीत आहे. २०१८ च्या मे महिन्यापासून तिथे चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती उरली नाही. कायद्याने दाखविलेला हा विश्वास मला थोडा धास्तीचा वाटतो. मी तपासणी चालूच ठेवली.

मग अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी भारतात यावयाचे ठरले आणि गाडीचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. एक गृहस्थ चांगली किंमत देत होते. ते तिला पार पत्र्यापर्यंत खरवडून १९७३ सालची करणार होते; वही त्यांनी चाळलीसुद्धा नाही. दुसरी गिऱ्हाईक होती ती त्याच म्हाताऱ्यांच्या हाताखाली दोन वर्षे शनिवारी येणारी एक तरुण मुलगी. तिच्याजवळ पैसे अर्धेच होते. तिने वही आधी वाचली आणि तांबड्या तारेच्या पानावर हसली. गाडी तिच्याकडे गेली. उरलेली रक्कम ती हप्त्यांनी पाठविते. ऑक्टोबरात ट्रनियनला तेल घातल्याचेही कळविते.

भारतात येताना मी सामानात एक जुना ट्रनियन घेतला होता, आटे झिजले म्हणून काढून ठेवलेला. नागपूरला गेल्यावर तो बाबांच्या हातात दिला. त्यांना आता चौऱ्याऐंशी सरले. भेटायला येणाऱ्यांची नावे सांगावी लागतात, माझेही कधी कधी. त्यांनी ठोकळा उजेडाकडे धरला नाही. तर्जनी आत घालून आट्यांवरून एकदा फिरविली, थांबले, पुन्हा फिरविली. ह्या गाड्यांत डाव्या आणि उजव्या चाकांचे आटे उलट दिशांचे असतात.

"उजवीकडचा आहे," ते म्हणाले. "डावा कुठे आहे?"

"डावा चांगला आहे, बाबा. गाडीतच आहे."

"मग त्याला तेल घाल," ते म्हणाले, आणि हात पुसण्यासाठी फडके मागितले.