बी साइड

चांगी पॉइंटच्या धक्क्यावर वेळापत्रक नसतं. बारा माणसं जमली की बमबोट सुटते. त्या मंगळवारी सकाळी आई आणि मी धरून नऊजण होतो. सायकली घेतलेली तीन पोरं धावत आली आणि बारा भरले. "आपल्या स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षासारखंच की," आई म्हणाली आणि माणशी चार डॉलर तिने स्वतःच नावाड्याच्या हातावर ठेवले. डिझेलचा वास, लाकडी बाकं, डोक्यावरून उतरणारं एखादं विमान. दहा-पंधरा मिनिटांत पुलाउ उबीन बेट.

पिशवीत दडप्या पोह्यांचा डबा होता. फोनमध्ये एक अख्खा आल्बम होता, जो मी पंचवीस वर्षांत सलग ऐकला नव्हता. हम्पबॅक ओक या सिंगापूरच्या बँडचा 'पेन-स्टेन्ड मॉर्निंग', 1994 सालचा. कपाट आवरताना माझी जुनी कॅसेट हाती लागली, तेव्हा फितीवर पांढरी बुरशी चढली होती. इथल्या दमट हवेत कॅसेटचं तेच होतं. एका जाणकाराने ती साफ करून त्यातलं सगळं फाइलमध्ये उतरवून दिलं. घरात बसून ते ऐकायचं माझ्या जिवावर आलं. 1995 च्या डिसेंबरात हीच कॅसेट मी उबीनवर ऐकली होती, म्हणून तिथेच जायचं ठरवलं. आईला एवढंच म्हटलं होतं, चल, उबीनला जाऊन येऊ.

आम्ही डोंबिवलीहून सिंगापूरला आलो 1992 मध्ये. बाबांना लोयांगच्या बाजूला जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. मी पंधरा वर्षांची, भाऊ दहाचा. टॅम्पिनीसमध्ये बाराव्या मजल्यावर घर. सगळं स्वच्छ, सगळं वेळेवर. घरात येणारा प्रत्येक पाहुणा सांगून जायचा की तुमचं किती छान झालं, आणि ते खरंच होतं. त्यामुळे रडू आलं तर ते कुठल्या खात्यात टाकायचं, हे मला कळत नसे.

त्या वर्षांत वर्गातली मुलं सिएटलचे बँड ऐकायची. एप्रिल 1994 मध्ये कर्ट कोबेन गेला तेव्हा कितीतरी वह्यांच्या मागच्या पानावर त्याचं नाव होतं. मीही ऐकायचे, पण ते सगळं फार लांबचं होतं. मग बाकावरच्या शेजारणीने ही कॅसेट दिली आणि म्हणाली, हे आपल्याकडचे आहेत. आपल्याकडचे! गाणारा लेझ्ली लो मी बसते त्याच एमआरटीत बसत असेल, त्याच जिन्याखाली पाऊस थांबायची वाट बघत असेल, या कल्पनेनेच मला धडधडायला लागलं होतं.

इथल्या इंग्रजी गाणाऱ्या बँडांना तेव्हा फारसं कोणी विचारत नसे. ऑडफेलोजचा 'टीनएज हेड' 1991 मध्ये आला आणि त्यांचं 'सो हॅपी' रेडिओवर पहिल्या क्रमांकापर्यंत पोचलं, तेव्हा कुठे लोकांनी मान वळवून बघितलं. बाकी सगळा संसार 'बिगओ' मासिकाच्या पानांवर आणि आर्मेनियन स्ट्रीटवरच्या सबस्टेशनमध्ये. नाट्यकर्मी कुओ पाओ कुन यांनी 1990 मध्ये जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत ते कलाकेंद्र उभं केलं होतं. तिथल्या मागच्या अंगणात बँड वाजायचे. मला रात्री तिथे जायची परवानगी मिळाली ती एकदाच, आणि तीही दहाच्या आत घरी या अटीवर.

'पेन-स्टेन्ड मॉर्निंग' म्हणजे दुखण्याचे डाग पडलेली सकाळ. गाणी संथ, आवाज खालच्या पट्टीतला, दिवसभर न थांबणाऱ्या पावसासारखी गिटार. ते दुःख कुठल्या प्रसंगाचं नव्हतं, हवेतलं होतं. आणि त्यात कोणी कोणाची समजूत काढत नव्हतं. सतरा वर्षांच्या मला याची किती गरज होती, ते मी तेव्हा कोणाला सांगू शकले नसते. खोलीचं दार लावायचं, टेपचं बटण दाबायचं आणि गादीवर उताणं पडायचं. बाबा बाहेरून म्हणायचे, "काय ते सुतक लावलंय." आई काही बोलायची नाही.

धक्क्यापासून पेकान क्वारी ही जुनी दगडखाण चालत दहा मिनिटांवर आहे. आई पंचाहत्तरीची, पण चालली माझ्या पुढे. रस्त्याकडेला फणस, नारळ, पत्र्याची घरं, अंगणात उलट्या घातलेल्या बादल्या. "राजापूरला आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. तिचं माहेर तिथलं. उबीन हा शब्दही दगडाचाच, चौकोनी घडवलेल्या फरशीसारख्या दगडाचा. इथला ग्रॅनाइट 1850-51 मध्ये हॉर्सबर्ग दीपगृह बांधायला गेला, आणि पुढे दीडशे वर्षं हे बेट खणलं गेलं. मी 1995 मध्ये आले तेव्हा शेवटची खाण चालू होती. ती 1999 मध्ये बंद पडली. आता खाणींत पाणी साठलंय. आईला यातलं काही समजावून द्यावं लागलं नाही. चिरेखाण सोडून दिली की पहिल्या दोन पावसांत ती भरते आणि मग पोरांना तिकडे जायची बंदी होते, हे तिने लहानपणीच पाहिलेलं.

पाण्यातल्या झाडांवर करड्या बगळ्यांची घरटी होती. कठड्याशी बसलो. मी एक इयरफोन माझ्या कानात घातला, दुसरा तिच्या. "जुनं काहीतरी आहे," म्हटलं आणि सुरू केलं.

पहिली दोन गाणी मी अवघडून ऐकली. माझ्या आठवणीत हे सगळं फार काळोखं होतं. आता ऐकू आला तो आवाज किती कोवळा होता! ती मुलं माझ्यापेक्षा थोडीच मोठी असणार. आज माझी मुलगी त्या वयाच्या जवळ आली आहे. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस जगाचं सगळं बघून आलाय. आता वाटलं, हा तर अजून दारातच उभा आहे, आत पाऊल टाकायला घाबरलाय, आणि घाबरलोय हे लपवत नाहीये. मला तो आल्बम अधिकच आवडला. लेझ्ली लो पुढे द ऑब्झर्व्हेटरी या बँडमध्ये गेला, त्याचं संगीत फार वेगळ्या, अनघड वाटांना लागलं. पण हे पहिलं पाऊल त्याने किती जपून टाकलं होतं.

तिसरं गाणं संपत आलं आणि आई गुणगुणायला लागली. मला वाटलं, चालू गाण्याबरोबर म्हणत असेल. गाणं थांबलं, पुढचं सुरू झालं, आणि सुरू झालं ते आई गुणगुणत होती तेच.

मी फोन थांबवला.

"तुला कसं माहीत पुढचं?"

"म्हणजे काय? रोज ऐकायचे की मी."

मग तिने सांगितलं. आम्ही साडेसहाला घर सोडायचो, मागोमाग बाबा. टीव्हीवरचं कळायचं नाही, डोंबिवलीला फोन लावायचा तर मिनिटामिनिटाचा हिशेब, आणि लिहिलेल्या एरोग्रामचं उत्तर यायला पंधरा दिवस. अकराच्या सुमाराला धुणं वाळत घालायचं. इथे बांबूच्या काठीला ओले कपडे लावून काठी खिडकीबाहेरच्या नळीत खोचायची असते. बारावा मजला, ओल्या चादरीचं वजन. काठी निसटून खालच्या कोणाच्या डोक्यात पडेल या धास्तीने तिचे हात कापायचे. "तुझ्या टेपमध्ये ही कॅसेट असायचीच. एकदा सहज बटण दाबलं. शब्द काही कळले नाहीत. पण तो मुलगा घाई करत नव्हता गं. त्याच्या लयीत काठी धरली की हात थरथरत नसत. मग रोजच लावायला लागले. तू पहिली बाजू झिजवलीस. मला दुसरी आवडायची."

मी गप्प झाले. तेव्हा कॅसेट मी सोडलेल्या जागी कधीच नसायची. मी भावावर ओरडायचे, दोनदा त्याला मारलंही होतं. तो शपथा घ्यायचा.

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी होती ती. तू ऐकताना दार लावून घ्यायचीस."

समोरच्या झाडावर कर्कश आवाज झाला आणि धनेशाची जोडी पाण्यावरून पलीकडे गेली. काळे-पांढरे पंख, पिवळसर चोच. सिंगापुरातून हा पक्षी एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला होता; 1994 मध्ये एक जोडी याच बेटावर पुन्हा दिसली. ढोलीची जुनी झाडं पुरेशी उरली नव्हती, म्हणून पुढे 2004 पासून त्यांच्यासाठी लाकडी पेट्या टांगल्या गेल्या, आणि आज ते शहरभर दिसतात. आई दिसेनासे होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली. मग डबा उघडला. आम्ही पोहे खाल्ले, आणि मी तिला तेव्हाचं एकेक विचारत गेले. डोळे कधी भरून यायचे, काय खावंसं वाटायचं, परत जाऊ या असं बाबांना कधी म्हणाली होतीस का. दोनदा म्हणाली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

धक्क्यावर परतलो तेव्हा दुपार कलली होती. बोटीसाठी आम्ही दहाजण. नावाडी सावलीत बसून होता.

"दुसरी बाजू लाव," आई म्हणाली.

फाइलला बाजू नसते. पण फीत उलटायच्या जागी जी नुसती खरखर असते ती मी पुसू दिली नव्हती, त्यामुळे जागा सापडली. आईने डोळे मिटले. मांडीवरचा तिचा उजवा हात काहीतरी धरल्यासारखा अर्धवट मिटलेला होता.

रस्त्याच्या वळणावर दोघंजण दिसले, सायकली हाताने ढकलत येत होते. मी आईला म्हटलं, आले बारा.

"येऊ देत सावकाश," ती डोळे न उघडता म्हणाली, "अजून दोन गाणी आहेत."