वाळलेलं आणि वाळवलेलं

सुकेळ्यांच्या पाकिटावर इंग्रजीत काय छापायचं, असं विचारायला कुणी ना कुणी वाडीवाला माझ्याकडे येतो. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, ही आमच्या नंदाखाल-आगाशी पट्ट्याची जुनी विद्या. बहुतेकांनी 'ड्राय बनाना' असं मनाशी ठरवलेलंच असतं. मी 'ड्राइड बनाना' छापायला सांगतो. 'ड्राय' वाचलं की परक्या गिऱ्हाइकाला रस गेलेलं, कोरडं केळं दिसतं. 'ड्राइड' म्हटलं की कुणीतरी ते राखून, उलटून-पालटून वाळवलंय हे कळतं. अर्नाळ्याच्या सुक्या मासळीचंही तेच. आणि हा भेद आपल्याला नवा थोडाच आहे? झाडावर वाळलेलं पान आणि उन्हात वाळवलेलं केळं यांत आपण कधी गल्लत करत नाही. इंग्रजी लिहायला बसलं की मात्र हा कान आपण बंद करतो आणि पाठ झालेले शब्द मांडत जातो.

ऑफिसच्या अर्जांत तर हे फार दिसतं. 'काइंडली', 'रिस्पेक्टेड सर', पुन्हा 'काइंडली', शेवटी 'डू द नीडफुल'. हा लाळघोटेपणा आहे असं मला वाटत नाही. मराठीत आर्जव क्रियापदाच्या शेवटात बसतं: रजा मिळावी, अर्ज मंजूर करावा. त्या 'आवी-आवा'ला इंग्रजीत जागाच नाही, म्हणून आपण तो आदर 'काइंडली'त भरतो. इंग्रजीची आर्जवाची रीत वेगळी. तिथे 'कॅन'चं 'कुड' होतं, 'वॉन्ट'च्या जागी 'वुड लाइक' येतं. क्रियापद भूतकाळाकडे सरकलं की मागणी मऊ होते. हे एकदा उमगलं की दोन्ही 'काइंडली' आपोआप गळतात आणि अर्जातला आदर तसूभर कमी होत नाही.

'सिन्स टेन इयर्स'चं मूळही आपल्याच 'पासून'मध्ये आहे. दहा वर्षांपासून, सोमवारपासून, आपल्याला दोन्ही सारखंच. इंग्रजी मात्र विचारते, सुरुवातीचा दिवस सांगतोस की मधला काळ? दिवस असेल तर 'सिन्स', काळ असेल तर 'फॉर'.

पण ज्या शब्दापाशी मी नेहमी थांबतो, तो मरणाचा. विरार लोकलने रोज नोकरीला जाणारा शेजारचा एक तरुण, आई गेली त्या सकाळी ऑफिसला ईमेल लिहीत होता. 'माय मदर एक्सपायर्ड' एवढं लिहून त्याने फोन माझ्यापुढे धरला, "काका, बरोबर आहे ना?" आपल्याकडे इंग्रजीत हा शब्द सर्रास चालतो, त्यामागे दुःख खरं असतं, आणि अशा वेळी व्याकरण काढणारा माणूस निष्ठुर ठरेल. तरीही मी त्याला तो बदलायला सांगितला. एक्सपायर औषधं होतात, परवाने होतात. मराठीत आपण आईसाठी किती जपून बोलतो! गेली, वारली, देवाघरी गेली. प्रत्येक वेळी ऐकणारा कोण ते पाहून. चर्चच्या सूचनाफलकावर 'द लॉर्ड कॉल्ड हर होम' शोभतं, कारण वाचणारे त्याच श्रद्धेचे. नातेवाइकांना 'पास्ड अवे' लिहावं. ऑफिसला 'माय मदर डाइड दिस मॉर्निंग' पुरे. 'डाइड' हा शब्द आपल्या लोकांना उघडा, कठोर वाटतो. मला तो सर्वांत सभ्य वाटतो.

कधी कधी इंग्रजीत शब्दच नसतो. आमची 'वाडी' घ्या. 'गार्डन' म्हटलं तर हिरवळ आणि बाक दिसतात, 'ऑर्चर्ड'मध्ये नुसती फळझाडं येतात, आणि मुंबईच्या माणसाला 'फार्म' म्हटलं की शनिवार-रविवारचं फार्महाऊस आठवतं. केळी, फुलं, भाजीपाला, विहीर आणि शेजारीच घर, हे सगळं कशातच मावत नाही. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. ती आजही उघडून पाहावी. एकेका मराठी शब्दापुढे इंग्रजी शब्दांची रांग, आणि तीही पुरली नाही तर अख्खं वर्णन. मोल्सवर्थना जे एका शब्दात जमलं नाही, ते आपल्यालाही जमायलाच हवं असं नाही. 'वाडी' हाच शब्द ठेवावा आणि पुढे एका वाक्यात ती दाखवावी.

वाचक समोर ठेवून शब्द निवडायचा, हे या गावाला बाहेरून शिकायची गरज नाही. १९४२ साली नंदाखालमध्येच जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल मराठीत आणलं आणि त्याला नाव दिलं 'सुबोध बायबल'. आमची मुलं तर घरात सामवेदी बोली, शाळेत-चर्चमध्ये प्रमाण मराठी बोलतात, आणि दारात पाहुणा आला की त्याच्याकडे बघून क्षणात भाषा बदलतात. इंग्रजीलाही हीच हुशारी लागते.

म्हणून इथल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. 'माय व्हिलेज' हा निबंध मुलांकडून पाठ करून घेऊ नका. काल वाडीत काय काय केलं, ते वाडी कधीही न पाहिलेल्या माणसाला चार इंग्रजी वाक्यांत सांगायला लावा, आणि प्रत्येक शब्दाशी थांबून विचारा, त्या माणसाला हे दिसलं का?