आईंचे कन्नड वृत्तपत्र

मुंबई किती भाषांतून वाचते, हे पाहावयाचे असेल तर सकाळी लवकर एखाद्या मोठ्या रेल्वे स्थानकाबाहेरच्या वृत्तपत्रांच्या स्टॉलपाशी जावे. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी आणि वस्ती पाहून तमिळ, मल्याळम, कन्नडही तेथे शेजारी शेजारी मांडलेली असतात. या शहराला ते नवे नाही. फर्दुनजी मर्झबान यांनी १८२२ मध्ये येथे सुरू केलेले गुजराती ‘मुंबई समाचार’ आजही निघते. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, त्यात मराठी मजकुराशेजारी इंग्रजी स्तंभ असे.

आपल्या व्यापारी घरांनाही परभाषेचे अप्रूप नाही. पेढीवर गिऱ्हाइकाची भाषा, वहीत दुसरी आणि घरात तिसरी, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु बोलण्याची भाषा आणि वाचण्याची भाषा नेहमी एकच असते असे नाही, हे मला सासूबाईंमुळे उमगले.

त्यांचे माहेर संकेश्वरकडचे. शिक्षण सातवीपर्यंत, कन्नड शाळेत. लग्नानंतर निपाणीच्या घरात त्या अस्खलित मराठी बोलू लागल्या, पण डोळ्यांना सराव राहिला तो कन्नड अक्षरांचाच. मामंजींच्या निधनानंतर त्या आमच्याकडे मुलुंडला आल्या. निपाणीला रोजचे कन्नड वृत्तपत्र दारात पडत असे. येथे ते थांबले. घरात मराठी आणि इंग्रजी वृत्तपत्रे येत होती. “काय लिहिलंय गं आज?” असे त्या विचारीत आणि आम्ही घाईघाईत चार ओळी सांगून कामाला लागत असू. चाळीस वर्षे घराला बाजारभाव वाचून दाखवणारी ही बाई आता दुसऱ्याच्या सवडीने बातमी ऐकत होती. त्यांनी तक्रार कधी केली नाही. हळूहळू विचारणेच कमी झाले.

कन्नड वृत्तपत्राचा शोध मला माटुंग्याला घेऊन गेला. दाक्षिणात्य मंडळींची जुनी वस्ती, म्हैसूर असोसिएशनची वास्तू, फुलांची दुकाने, फिल्टर कॉफीचा सुवास; आणि स्टॉलवर ‘उदयवाणी’. १९७० मध्ये मणिपालला सुरू झालेल्या या दैनिकाची मुंबई आवृत्तीही निघते. पण रोज मुलुंडहून माटुंगा कसे जमणार? आमच्या पेपरवाल्याने यातील व्यवहार समजावून सांगितला. पहाटे वितरण केंद्रावरून तो गठ्ठे उचलतो. खपेल की नाही याची खात्री नसलेली एखादी प्रत उचलणे त्याला परवडत नाही. महिन्याचे गिऱ्हाईक पक्के असेल, तर मात्र तो ती आणून देतो. हा हिशेब व्यापाऱ्याच्या घरात कोणाला पटणार नाही? महिन्याचे पैसे मी आगाऊ दिले.

पहिल्या दिवशी आईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारे वाचले. निधनवार्ता आणि जाहिरातीही सोडल्या नाहीत. बातम्या बहुतेक उडुपी-मंगळूरकडच्या, त्यांच्या मुलखापासून दूरच्या. मी तसे म्हटले, तेव्हा त्या म्हणाल्या, “गाव परकं असू दे गं, अक्षर तर माझं आहे.”

आता सकाळच्या चहाला बातमी त्या सांगतात. किनाऱ्यावर पाऊस किती झाला, तिकडे सुपारीला काय भाव आला, कोणत्या गावात यक्षगान आहे, हे आमच्या घरात आधी त्यांना ठाऊक असते. यजमानांशी राजकारणावर त्यांचे मतभेदही होऊ लागले आहेत. दुपारी माझी मुलगी त्यांच्याजवळ बसून मथळ्यातील ठळक अक्षरे ओळखू पाहते. ती गोल, वळणदार लिपी मलाही आवडू लागली आहे. एखादे गावाचे नाव अक्षर अक्षर लावून वाचता आले, की लहानपणी दुकानांच्या पाट्या वाचताना होई तसाच आनंद होतो.

मोबाइलवर हे सारे मिळते, असे कोणी म्हणेल. मिळते, हे खरेच. पण सत्तरी ओलांडलेल्या बोटांना कागदाची घडी उलगडणे सोपे जाते. आणि मोबाइल मागावा लागतो, वृत्तपत्र स्वतःचे असते. त्यावर कोणी आधी हात टाकीत नाही.

आपल्यापैकी अनेक घरांत गावाकडून आलेली वडीलधारी माणसे आहेत. कोणाची शाळा गुजराती माध्यमाची, कोणाची कन्नड, कोणाची तमिळ किंवा तेलुगू. ती आपल्याशी मराठीत बोलतात, म्हणून मराठीच वाचत असतील असे आपण गृहीत धरतो. त्यांना एकदा विचारावे, “आपण कोणत्या अक्षरांत वाचायला शिकलात?” आणि मग आपल्या पेपरवाल्याला विचारावे. स्टॉलवरची ही परभाषेतील प्रत गिऱ्हाईक आहे तोवरच येते. आमच्या पेपरवाल्याकडे ‘उदयवाणी’ची आता तीन गिऱ्हाइके झाली आहेत. उरलेली दोन घरे आईंनीच शोधून काढली, आणि त्यांपैकी एक आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर निघाले.