समस्यापूर्ती आणि शब्दपूर्ती

जुन्या पंडितांच्या सभेत समस्यापूर्तीचा खेळ चाले. एकाने श्लोकाचा एखादा चरण द्यावयाचा आणि दुसऱ्याने उरलेले चरण रचून श्लोक पुरा करावयाचा, असा त्याचा नियम. एकाच चरणाच्या दहा कवींनी दहा पूर्ती कराव्या आणि त्या दहाही सभेने वाखाणाव्या, यातच त्या खेळाची मौज असे. संगणकाच्या पडद्यावर अर्धा शब्द टंकून टॅबची कळ दाबली असता यंत्र तो शब्द पुरा करून देते, ही सोय आज असंख्य लोक वापरतात. आणि हीदेखील एक प्रकारची समस्यापूर्तीच आहे, असे कोणी सहज म्हणेल. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी एक लहानसा डीबगर तयार करीत असता ही सोय घडविण्याचे काम आमच्याकडे आले. त्या निमित्ताने जो विचार झाला, तो केवळ यंत्रापुरता नाही असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

डीबगर हे काय प्रकरण आहे, हे ज्यांचा प्रोग्रामशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. प्रोग्राम लिहिला म्हणजे तो चालतोच असे नाही. आणि चालला तरी बरोबर उत्तर देतोच असेही नाही. चुकीचे उत्तर हाती पडले म्हणजे लिहिणारा आपला मजकूर पुनःपुन्हा वाचतो आणि प्रत्येक वेळी त्यास तो निर्दोष दिसतो. कारण आपण काय लिहिले हे तो वाचीत नसतो, काय लिहावयाचे मनात होते ते वाचीत असतो. डीबगर त्याला या भ्रमातून सोडवितो. चालता प्रोग्राम मूळ मजकुराच्या हव्या त्या ओळीवर थांबवावयाचा, त्या क्षणी कोणत्या नावाखाली कोणती किंमत साठविलेली आहे हे विचारावयाचे, आणि मग एकेक पाऊल पुढे टाकावयाचे. वैद्याने रोग्याची नाडी धरून बसावे, तसाच हा प्रकार. हे सारे आज्ञा टंकून करावे लागते, आणि तेथेच शब्दपूर्तीचा प्रश्न उपस्थित होतो.

या सोयीचा इतिहास अर्धशतकाहून जुना आहे. अमेरिकेत पीडीपी-१० या संगणकासाठी टेनेक्स नावाची प्रणाली तयार झाली आणि तिचे वर्णन करणारा बॉब्रो, बर्चफील, मर्फी व टॉमलिन्सन यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. टेनेक्समध्ये आज्ञेची आरंभीची अक्षरे टंकून एस्केपची कळ दाबली की उरलेली अक्षरे यंत्र भरून देई. केन ग्रीअर यांनी ही कल्पना युनिक्सच्या सी-शेलमध्ये आणली. त्या सुधारलेल्या शेलच्या नावातील 'टी' हे अक्षर टेनेक्सचीच आठवण होय. पुढे ब्रायन फॉक्स यांनी सुरू केलेल्या आणि चेट रेमी यांनी अनेक वर्षे सांभाळलेल्या रीडलाइन या लायब्ररीने ही सोय कोणाही प्रोग्रामला उसनी घेता येईल अशी करून ठेवली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा प्रसिद्ध डीबगर आज याच लायब्ररीचा आश्रय घेतो. त्यात 'इन्फो ब्रे' एवढेच टंकून टॅब दाबली तर 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' असे पुरे होते. कारण 'इन्फो'च्या पोटात 'ब्रे'ने सुरू होणारी दुसरी आज्ञाच नाही. टंकयंत्रावर कोष्टकाचे रकाने सरळ धरण्यासाठी निर्माण झालेली ही कळ अशा रीतीने स्मरणशक्तीची दासी झाली.

आमचा डीबगर पायथॉन भाषेतला, आणि तोही रीडलाइनच्याच आधारे चालणारा. लायब्ररी आणि आमचा मजकूर यांच्यातील संवाद मोठा साधा आहे. विद्यार्थ्याने टॅब दाबली म्हणजे लायब्ररी त्याने टंकलेला तुकडा आमच्यापुढे ठेवून विचारते : याची पहिली पूर्ती कोणती? आम्ही एक शब्द देतो. दुसरी कोणती? तिसरी कोणती? 'आता काही उरले नाही' असे आम्ही म्हणेपर्यंत ती विचारीतच राहते. मग मिळालेल्या सर्व शब्दांचा आरंभीचा जितका भाग समान असेल तितकाच ती टंकून देते. शब्द एकच असेल तर तो पुरा होतो. अनेक असतील तर जेथे वाटा फुटतात तेथे ती थांबते, आणि पुन्हा टॅब दाबल्यास सगळ्या वाटा दाखविते.

कोणते शब्द द्यावयाचे, हे मात्र लायब्ररीला कळत नाही. ते आमचे काम. 'ब्रेक' या आज्ञेपुढे फंक्शनांची व फाइलींची नावे हवीत, कारण थांबावयाचे ते कोठेतरी. 'क्लिअर'पुढे पूर्वी घातलेल्या थांब्यांचे क्रमांक हवेत. 'प्रिंट'पुढे नावे हवीत, पण जगातील सर्व नव्हेत. प्रोग्राम ज्या फंक्शनात थांबला आहे तेथून जी दिसतात तेवढीच. एक पायरी वर जाऊन बोलावणाऱ्या फंक्शनात पाहू लागलो की यादी बदलली पाहिजे. घरातील माणसांची नावे विचारणाऱ्याला सगळ्या गावाची मतदारयादी वाचून दाखविणे ही मदत नव्हे. जीडीबीनेही या बाबतीत संयम पाळला आहे. मोठ्या प्रोग्रामात नावांची संख्या अफाट होते, म्हणून तो मूळ नेमणुकीप्रमाणे २०० पूर्तींवर हात आखडता घेतो.

वादाचा मुद्दा आला तो वाटा फुटतात त्या ठिकाणी. आमच्या एका तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, यंत्राने तेथे थांबावे कशाला? विद्यार्थी बहुतेक वेळा कोणते नाव वापरतो हे मोजून ठेवावे आणि संभवनीय ते भरून टाकावे. चुकले तर तो खोडील. सूचना चतुराईची होती, आणि आजचा काळही तिला अनुकूल आहे. दोन शब्द लिहिताच पुढचे वाक्यच्या वाक्य अंदाजाने पुरे करणारी यंत्रे आता घरोघर आहेत, आणि पत्र लिहिताना त्यांचा उपयोग होतो हे आम्हीही नाकारीत नाही. पण डीबगरापुढे माणूस कोणत्या अवस्थेत बसलेला असतो, याचा विचार केला पाहिजे. त्याच्या मनात अगोदरच एक खोटी समजूत घर करून बसलेली आहे. ती नसती तर प्रोग्राम चुकलाच नसता. अशा माणसाच्या तोंडी आणखी एक अंदाज घालणे म्हणजे वाट चुकलेल्यास आत्मविश्वासाने भलती वाट दाखविणे होय. त्याने एका खात्याची शिल्लक विचारावी आणि यंत्राने दुसऱ्याची सांगावी. आकडा पटण्यासारखा असला तर तो पुढे जाईल आणि पुढचा सारा शोध वाया जाईल. म्हणून आम्ही आग्रह धरला की, जे निश्चित तेवढेच भरावे आणि संशय आला की थांबावे. सहकारी शेवटी कबूल झाले, पण आमच्या युक्तिवादाने नव्हे, एका विद्यार्थ्याने.

हा मुलगा कोकणातील एका लहान गावातून आलेला, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. गणिती बुद्धी तीक्ष्ण. इंग्रजी वर्णलेखन मात्र शत्रूसारखे. चक्रवाढ व्याजाच्या प्रोग्रामात मुद्दलासाठी इंग्रजी 'प्रिन्सिपल' हे नाव होते. या उच्चाराचे दोन इंग्रजी शब्द आहेत, एकाचा अर्थ मुद्दल व दुसऱ्याचा तत्त्व, आणि त्यांच्या शेवटच्या अक्षरांची गफलत चांगले इंग्रजी लिहिणारेही करतात. मुलगा तत्त्वाची किंमत विचारी आणि डीबगर 'असे नाव नाही' म्हणून त्याला परत पाठवी. दोनतीनदा असे झाले की तो हात मागे घेऊन बसे, आणि शेजाऱ्यास विचारण्याची त्यास लाज वाटे. दोष प्रोग्रामात शोधावयाचा तो राहून तो स्वतःमध्येच शोधू लागला होता. शब्दपूर्ती बसविल्यानंतर त्याने पी-आर-आय-एन ही चार अक्षरे टंकून कळ दाबली. यंत्र थांबले. पुन्हा दाबताच 'प्रिंट' आणि 'प्रिन्सिपल' अशी दोन नावे समोर आली. त्याने ती नीट वाचली, 'सी' हे अक्षर घातले आणि पुन्हा टॅब दाबली. मुद्दलाची किंमत पडद्यावर आली. त्याच तासाला त्याने आपला दोष शोधून काढला : व्याजाचा दर शेकडेवारीत होता, त्यास शंभराने भागावयाचे राहिले होते.

यंत्राने अंदाजाने 'प्रिंट' भरले असते, तर 'आपण पुन्हा चुकलो' असेच त्या मुलास वाटले असते. थांबून दोन्ही नावे दाखविल्यामुळे निवड त्याच्या हाती राहिली, आणि निवडता निवडता तो शब्दही त्याच्या डोळ्यांखालून गेला.

आणखी एक गोष्ट वरून दिसत नाही, पण महत्त्वाची आहे. टिंबाने जोडलेले नाव पुरे करावयाचे तर टिंबाच्या डावीकडील वस्तू काय आहे हे यंत्रास अगोदर पाहावे लागते. आणि पायथॉनमध्ये नुसते पाहण्याने देखील प्रोग्रामचा काही भाग चालू होऊ शकतो. समजा, कोणी 'पुढची पावती' असा गुण लिहिला आहे, की जो वाचताच पावतीचा क्रमांक एकाने वाढतो. त्या नावापुढे टिंब देऊन विद्यार्थ्याने केवळ शब्द पुरा करण्यासाठी टॅब दाबली आणि क्रमांक वाढला, तर नाडी पाहणाऱ्यानेच रोग्याचा ताप वाढविला असे होईल. आणि हा दोष सापडणार कसा? शोधणारा प्रत्येक वेळी शोधताना तो नव्याने उत्पन्न करील. म्हणून वस्तू चालविल्यावाचून तिची केवळ नोंद वाचण्याचा जो मार्ग भाषेने दिला आहे तोच आम्ही पत्करला. जेथे तेवढ्याने भागत नाही तेथे पूर्ती होत नाही. साहाय्य थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण साहाय्यकाने प्रकृतीस धक्का लावता कामा नये.

त्याच मुलाने पुढे विचारले, नावे मराठीतच ठेवली तर? पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, देवनागरी नावे चालतात. परंतु तेथे वेगळीच गंमत निघाली. भाषा कानामात्रेसह नाव स्वीकारते. पण तिच्याच नमुनाशोधाच्या साधनात 'शब्दातील अक्षर' म्हणून जे चिन्ह आहे, ते काना, मात्रा, वेलांटी व हलन्त यांना अक्षर मानीत नाही. त्या चिन्हावर विसंबून तुकडा कापला तर 'व्याज' यातील 'व' तेवढा हाती येतो. तो नमुना टाकून आम्ही टिंबावर नाव तोडण्याचा साधा मार्ग धरला, तेव्हा पूर्ती होऊ लागली. मात्र 'मुदत' आणि 'मुद्दल' यांचा समान भाग लायब्ररी 'मुद' असा काढते. आपल्या डोळ्यांना 'द' आणि 'द्द' ही निराळी अक्षरे दिसतात, म्हणून आपण 'मु' म्हणू. ती कात्री लायब्ररीच्या हातची असल्यामुळे तो प्रकार तसाच आहे. मुलांना त्याची अडचण वाटत नाही. उलट, जोडाक्षर म्हणजे काय हे त्यांना प्रथम तेथेच कळले.

अशाने मुले आळशी होतील, पाठांतर बुडेल, असे कोणी म्हणेल. शब्दकोश निघाले तेव्हाही ही भीती कोणाला वाटली असेल. आमचा अनुभव इतकाच की, पूर्ती होण्यासाठी आरंभ ज्याचा त्यालाच करावा लागतो, आणि वाट फुटते तेथे निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो. समस्यापूर्ती करणारा कवी दुसऱ्याच्या चरणात आपले मन ओततो; तो त्याचा अधिकार आहे. शब्दपूर्ती करणाऱ्याचे काम त्याच्या उलट आहे : बोलणाऱ्याच्या मनात जे आहे तेथपर्यंत त्यास पोहोचविणे आणि स्वतःचे काही न घालणे. वर्गात एखादा मुलगा उत्तर देता देता अडखळला म्हणजे पुढच्या बाकावरून लगेच दोन आवाज उठतात. आम्ही त्यांना हाताने थांबवितो, आणि फारच झाले तर अडलेल्या शब्दाचे पहिले अक्षर तेवढे सांगतो. बहुतेक वेळा पुढचे त्याचे त्यालाच आठवते.